पत्ता आपला, पेटी परक्याची!

गुजरातमधील वाडिनार येथे वर्षाला दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीची ई-मेल सेवा जुलै २०२५ मध्ये अकस्मात बंद पडली. यंत्र बिघडले नव्हते, देयके थकली नव्हती, भारतीय न्यायालयाचा आदेशही नव्हता. नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून किंचित अधिक वाटा आहे. युरोपीय संघाने १८ जुलै रोजी नायरावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने आपली सेवा रोखली. पत्रे आपली, दस्तऐवज आपले, मोबदलाही चुकता केलेला. किल्ली मात्र साता समुद्रापार! नायराला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. मधल्या काळात तिने मुंबईच्या रेडिफकडे ई-मेलची व्यवस्था हलविली. महिना संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली आणि चर्चाही थांबली. वास्तविक चर्चा तेथून सुरू व्हायला हवी होती.

अशा प्रसंगी आपल्याकडे दोन ठरावीक सूर ऐकू येतात. पहिला सूर जागतिकीकरणाच्या भाटांचा. तंत्रज्ञानाला देश नसतो, असे ते सांगतात. तंत्रज्ञानाला देश नसेल, तर ब्रुसेल्समधील निर्णयाने भारतातील टपालपेटीला कुलूप कसे लागले? ‘सर्व्हर भारतातच आहेत’ हा युक्तिवादही तोकडा आहे. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई व चेन्नई येथील केंद्रे २०१५ पासून चालू आहेत. परंतु अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या ‘क्लाउड’ कायद्यानुसार, माहिती कोणत्याही देशात साठविलेली असली तरी तेथील कंपनीला ती अमेरिकी यंत्रणांपुढे ठेवण्यास भाग पाडता येते. जमीन पुण्याची असली, तरी हुकूम पुण्याचा चालत नाही.

दुसरा सूर आपल्याच माणसांचा. ‘परकीय पेटी टाका, देशी घ्या, प्रश्न मिटला!’ भावना योग्य आहे, पण विचार अर्धा आहे. ज्या पेटीतून आपली पत्रे बाहेर काढता येत नाहीत, ती देशी असली तरी तुरुंगच. मालक बदलला म्हणून कैदी मुक्त होत नाही. स्वदेशीचा खरा अर्थ आहे, आपल्या इच्छेने निघून जाण्याचे सामर्थ्य. ते सामर्थ्य घोषणेने येत नाही, व्यवस्थेने येते.

ही व्यवस्था समजण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. नंदाखालसारख्या वसईच्या बागायती पट्ट्यात केळीची वाडी राखणाऱ्याला ती चटकन उमजेल. केळीचा मुनवा दुसरीकडे लावायचा, तर तो कंदासकट काढावा लागतो. वरवर कोंब खुडून नेला, तर तो रुजत नाही. ई-मेलचेही तसेच आहे. पत्रांचा मजकूर तेवढा नेला आणि त्यांचे कप्पे, तारखा, वाचल्या-न वाचल्याच्या खुणा मागे राहिल्या, तर दहा वर्षांचा पत्रव्यवहार म्हणजे नुसता कागदांचा ढीग. हे सारे नेण्यासाठी १९८६ पासून ‘आयमॅप’ नावाचा खुला संकेत उपलब्ध आहे. जुनी यंत्रणा चालू असतानाच पेटीची प्रत नव्या सर्व्हरवर घ्यायची, मग रोजची नवी भर तेवढी उतरवीत राहायचे, दोन्ही बाजू जुळल्या की टपालाचा मार्ग नव्या सर्व्हरकडे वळवायचा आणि शेवटी एकदा उरलेसुरले उचलायचे. पत्त्यांची वही, दिनदर्शिका आणि पत्रे वर्गीकृत करण्याचे नियम या मार्गाने येत नाहीत. ते वेगळे न्यावे लागतात. मुनवा रुजेपर्यंत जुने खुंट उपटायचे नाही, हा शहाणपणा येथेही लागू आहे.

दुसरी गोष्ट प्रतीची. दोन सर्व्हरांवर अखंड जुळी प्रत ठेवली की एक बंद पडला तरी दुसरा काम करतो. पण जुळी प्रत म्हणजे राखीव प्रत नव्हे! एका ठिकाणी पत्र पुसले गेले, तर ते दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. म्हणून ठरावीक तारखेची, स्वतःच्या ताब्यातील तिसरी प्रत अनिवार्य आहे. कुलूप लागल्यानंतर प्रत घेता येत नाही, ती आधीच घ्यावी लागते.

वेळ आपण निवडली, तर हे काम अशक्य नाही. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे सहा महिन्यांत ४० हजारांहून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेतून मुक्तस्रोत प्रणालीत हलविल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते काम पूर्ण केले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये तामिळनाडूच्या झोहोला सात वर्षांचे कंत्राट देऊन सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती तिच्या यंत्रणेवर नेली. पत्ते मात्र सरकारचेच राहिले. हे अभिनंदनीय आहे. परंतु आपलेपणामुळे प्रश्न विचारणे थांबता कामा नये. सात वर्षांनंतर या पेट्या बाहेर कशा काढायच्या, त्याची रंगीत तालीम कोण करणार? ज्याला निघण्याची वाट ठाऊक नाही, त्याने घरात शिरताना फुलांचे हार घालू नयेत.

कायद्याचीही येथे उणीव आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. हाच न्याय ई-मेलला का नाही? २०१९ च्या विदा संरक्षण विधेयकात नागरिकाला आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो नाही. ज्या युरोपने नायरावर निर्बंध घातले, त्याच युरोपने आपल्या नागरिकांना हा हक्क २०१८ पासून दिला आहे. यातून काही शिकायचे की नाही?

वाचकहो, दिल्लीकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या दप्तराकडे पाहू या. किती पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शाळा आणि मंडळे यांचा सारा पत्रव्यवहार कुणा माजी सचिवाच्या खासगी, विनामूल्य, परकीय खात्यात पडून आहे? स्वदेशीच्या सभेचे निमंत्रणही तेथूनच निघते! प्रत्येक संस्थेने स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा. सेवा कुणाचीही असो, पत्ता आपला असला की टपालाचा मार्ग वळविणे आपल्या हाती राहते. पेटीची प्रत स्वतःकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या सर्व्हरवर उघडून पाहावी. दाराला कुलूप लागण्याची वाट पाहायची, की किल्ली आजच आपल्या कमरेला लावायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.