आमच्या पसंतीला नंबर नाही

मी सूतगिरणीत रिंगफ्रेम खात्यात डॉफर आहे. भरलेली बॉबीन काढायची, रिकामी लावायची. आठ तास तेच. शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण मला कुणी दिलं नाही, ते मी वस्तीतल्या विहाराच्या पुस्तकांच्या कपाटातून उचललं. ही ओळख एवढ्यासाठी की या लेखात पुढं 'पदवीधर' हा शब्द येणार आहे, आणि तो लिहिताना माझं डोकं तापणार आहे.

जून २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहरात महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. झोहरान ममदानी जिंकला. रात्रपाळी सुटली तर गेटाबाहेरच्या टपरीवर आमचे दोन कार्यकर्ते दोस्त मोबाईल नाचवत उभे. "आपला माणूस आला रं!"

मी म्हणालो, "कसा आला?"

"कसा म्हंजे? मतं पडली, आला."

इथंच आमचं घोडं पेंड खातं, दोस्तांनो. नाव पाठ, चेहरा पाठ, भाषणाचे तुकडे पाठ. मतं मोजली कशी ते कुणाला ठाऊक नाही. आणि मी सांगतो, न्यूयॉर्कच्या त्या गोष्टीत आपल्या कामाचं काही असेल तर ते चेहऱ्यात नाही, मोजणीत आहे.

मोजणी अशी. न्यूयॉर्क शहराचे पाच बरो, म्हणजे पाच मोठे विभाग. त्यातला एक ब्रुकलिन. एकट्या ब्रुकलिनची वस्ती २०२० च्या जनगणनेत २७ लाखांच्या वर. तिथल्या सिटी कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेत, पाचही बरो मिळून ५१ जागा. बहुतेक भागात डेमोक्रॅटिक पक्षाचा जोर इतका की पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत जो जिंकला तो नोव्हेंबरात निवडून आल्यातच जमा. म्हणून खरी कुस्ती प्राथमिकला. पूर्वी कौन्सिलच्या जागेसाठी पाच-सात जण उभे राहायचे, मतं फाटायची, आणि निम्म्याच्या कितीतरी खाली मतं घेऊनही माणूस निवडून यायचा. वस्तीतला तरुण उभा राहिला की जुने पुढारी म्हणायचे, बस खाली, मतं फोडू नको. हे वाक्य तुमच्या ओळखीचं आहे ना? आपल्याला तर ते अंगाईगीतासारखं ऐकवलंय.

२०१९ च्या नोव्हेंबरात त्या शहरातल्या लोकांनी मतदान करून हा नियम बदलला. शंभरातल्या सत्तरहून जास्त जणांनी 'हो' म्हटलं. आता प्राथमिक आणि पोटनिवडणुकीत मतदार पाच नावांपर्यंत पसंतीक्रम लावतो. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. कुणाला पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं पडली तर संपलं. नसतील तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद. त्याच्या मतपत्रिका फेकायच्या नाहीत. त्यावरची पुढची पसंती बघायची आणि मत तिकडं द्यायचं. एकेक गळत गळत शेवटी निकाल.

जून २०२१ मध्ये कौन्सिलच्या निवडणुका पहिल्यांदा या नियमानं सगळीकडं झाल्या. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट भागातून ची ओसे नावाचा काळा तरुण निवडून आला, वय फक्त २३. आदल्या वर्षी तो पोलिसी अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर होता. १९६८ मध्ये शर्ली चिझम ही पहिली काळी बाई अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेली तीही याच वस्त्यांच्या मतांवर. ब्रुकलिनमधूनच शहाना हनीफ आली. बांगलादेशी आईबापांची मुलगी, त्या कौन्सिलमधली पहिली मुसलमान बाई. त्या सालच्या निवडणुकांत ५१ पैकी ३१ बाया निवडून आल्या. बायांचं बहुमत त्या कौन्सिलमध्ये त्याआधी कधीच नव्हतं.

हे सगळं एकट्या पसंतीक्रमानं झालं असं मी म्हणणार नाही. तिथं छोट्या देणगीच्या आठपट रक्कम शहराच्या तिजोरीतून उमेदवाराला मिळते, म्हणून पैसेवाल्याच्या दारात न जाताही उभं राहता येतं. तेही कारण आहे. पण पसंतीक्रमानं एक गोष्ट नक्की केली. 'मतं फोडू नको' या धमकीचे दात पाडले. जून २०२५ मध्ये ममदानी आणि ब्रॅड लँडर हे दोन प्रतिस्पर्धी एकत्र येऊन लोकांना म्हणाले, आम्हा दोघांनाही नंबर द्या, कुणाला पहिला द्यायचा ते तुम्ही ठरवा. शेवटच्या फेरीत ममदानीला सुमारे ५६ टक्के पडली. आता आपल्या गटातटांकडं बघा. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. एक गट दुसऱ्याला पाडतो आणि तिसराच गुलाल उधळतो. आपण म्हणतो आपली माणसंच नालायक. माणसं आहेतच. पण फुटलेल्याला शून्य आणि एकगठ्ठ्याला सगळं देणारा नियमसुद्धा तेवढाच नालायक आहे, हे कोण बोलणार?

आता कुणी म्हणेल, हा गडी न्यूयॉर्कची आरती ओवाळतोय. थांबा.

त्या शहराच्या या नियमाला भोकं आहेत. २०२१ ला महापौरपदाच्या प्राथमिकमध्ये एरिक ॲडम्स ७,१९७ मतांनी जिंकला, आणि सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका शेवटच्या फेरीपर्यंत पोचल्याच नाहीत. लावलेली सगळी नावं बाद झाली, मत संपलं. मोजणीत तिथल्या निवडणूक मंडळानं चाचणीसाठीच्या १ लाख ३५ हजार मतपत्रिका खऱ्या मतांत मिसळल्या आणि त्याच दिवशी निकाल मागं घेतला. प्राथमिकमध्ये मत फक्त पक्षात नाव नोंदवलेल्यालाच. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नाहीच, तिथं जुनाच नियम. आणि त्या शहराची भांडी घासणारे, विटा उचलणारे परदेशी नागरिक? २०२१ च्या डिसेंबरात कौन्सिलनं अशा सुमारे ८ लाख लोकांना शहराच्या निवडणुकीत मत दिलं. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. घाम चालतो, मत चालत नाही.

आणखी एक. याच शहरानं याहून चांगला नियम एकदा हातात धरला होता. १९३६ मध्ये लोकांनी तो मंजूर केला, १९३७ पासून त्यानं निवडणुका झाल्या. पसंतीक्रम होताच, पण अख्खा बरो हाच मतदारसंघ, आणि एका बरोतून अनेक जागा. म्हणजे ज्याचा जेवढा वाटा तेवढ्या त्याच्या जागा. या नियमानं १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हा पहिला काळा माणूस त्या कौन्सिलमध्ये बसला. ब्रुकलिनमधून पीटर काकिओनी हा कम्युनिस्ट आला. १९४३ ला बेंजामिन डेव्हिस आला, काळाही आणि कम्युनिस्टही. मग प्रस्थापितांच्या पोटात गोळा उठला. कम्युनिस्टांचा बागुलबुवा दाखवून १९४७ मध्ये तो नियमच गाडला. पुढच्या, १९४९ च्या निवडणुकीत एकाच पक्षानं २५ पैकी २४ जागा खाल्ल्या. माणसं तीच, वस्त्या त्याच. बदलली फक्त मोजणी.

२०१९ ला परत मिळालं ते एका जागेला एक माणूस ठेवून. ती अर्धी भाकर आहे. पण आपल्या ताटात तेवढीही नाही.

आपल्याकडं १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार जागा. अ, ब, क, ड. मी चार बटणं दाबली. वाटतं केवढा अधिकार! हिशोब करा. प्रभागात १० हजार मतं पडली. आपली अडीच हजार, त्यांची साडेसात हजार. ते एकगठ्ठा राहिले तर अ त्यांचा, ब त्यांचा, क त्यांचा, ड त्यांचा. त्यातली एक जागा अनुसूचित जातीला राखीव, तरी तिच्यावर कोण बसणार हेसुद्धा साडेसात हजारच ठरवणार. म्हणजे राखीव खुर्ची आपली आणि माणूस त्यांच्या पसंतीचा. आता त्याच प्रभागात न्यूयॉर्कच्या १९३७ च्या नियमासारखा, वाट्याप्रमाणं जागा देणारा पसंतीक्रम लावा. चार जागांना पाचव्या हिश्शाहून एक मत जास्त, म्हणजे २,००१ मतं ज्याच्या मागं तो निवडून आला. आपल्या अडीच हजारांचा एक माणूस सरळ आत. कुणाच्या पाया न पडता.

हे दुखणं नवं नाही. १९३२ च्या पुणे करारात प्राथमिक निवडणूक होती. अस्पृश्य मतदारांनी आधी चार जण निवडायचे आणि मग त्या चारातला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा. सगळे म्हणजे कोण ते सांगायला नको. आपल्या प्राथमिकमध्ये चौथा आलेला माणूस त्यांच्या मतांवर पहिला होऊ शकत होता. ब्रुकलिनमध्ये तळाचा आधी बाद होतो. आपल्याकडं तळाचा आमदार होऊ शकत होता. दोन्हीला नाव एकच, प्राथमिक निवडणूक!

काही अभ्यासू मित्र म्हणतील, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला बाबासाहेबांनीच संविधान सभेत नकार दिला होता. खरं आहे. जानेवारी १९४९. पण कारण वाचा की. देशात साक्षरता नाही आणि सरकार स्थिर राहणार नाही, ही त्यांची कारणं. १९५५ मध्ये 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' लिहिताना त्याच बाबासाहेबांनी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि एकवटून मत देण्याची पद्धत सुचवली. सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची ती मुभा मुंबई इलाख्यात १९३७ ला होती, आणि ते स्वतः तेव्हा भायखळा-परळमधून निवडून आले होते. बाबासाहेबांचं एक वाक्य भिंतीवर टांगून त्यांचा विचार खुंटीला टांगू नका.

आणि साक्षरतेचं म्हणाल तर आता येतो त्या शब्दाकडं. पदवीधर.

पसंतीक्रम महाराष्ट्राला नवा नाही. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ, शिक्षक मतदारसंघ. तिथं मतदार १, २, ३ आकडे घालतो. राष्ट्रपतिपदाला आमदार-खासदार आणि राज्यसभेला आमदार आकडे घालतात. आमच्या गल्लीतले मास्तर शिक्षक मतदारसंघात मत देऊन आले की चौकात सांगतात, "पहिली पसंती अमक्याला, दुसरी तमक्याला." मी ऐकतो. मला पहिली नाही, दुसरी नाही. माझ्या पसंतीला नंबरच नाही. डिग्रीवाल्याला मन असतं, त्या मनात एक-दोन-तीन असतं. डॉफरच्या मनात फक्त बटण असतं. ही वर्णव्यवस्था नाही तर काय आहे?

न्यूयॉर्कातही हेच म्हटलं गेलं. डिसेंबर २०२० मध्ये काही काळ्या आणि लॅटिनो कौन्सिलरांनी कोर्टात धाव घेतली, की आमच्या लोकांना हे समजणार नाही, गोंधळ होईल, थांबवा. कोर्टानं थांबवलं नाही. लोकांना शिकवायला वेळ आणि पैसा द्या ही त्यांची मागणी असती तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो. पण जुन्या नियमानं निवडून आलेला माणूस जुन्या नियमाला आईसारखा जपतो. त्याच्या कातडीचा रंग काळा असो की निळा झेंडा त्याच्या गाडीवर असो.

समजत नाही म्हणता? यंदा आमच्या वस्तीत जयंती समितीचा अध्यक्ष आम्ही पसंतीक्रमानं निवडला. चार उमेदवार, चार चित्रं. घागर, कंदील, सायकल, छत्री. प्रत्येकाला चारही चित्रांच्या चिठ्ठ्या दिल्या. आवडता वर, मग त्याखालचा, अशी चवड लावून टाचणी मारायची. मोजताना जो बाद झाला त्याची वरची चिठ्ठी काढली की खालची आपोआप दिसते. सत्तरीच्या एक आत्याबाई, अक्षरओळख नाही. मी समजावायला गेलो तर मलाच म्हणाल्या, "आरं बाजारात रोज हेच करतो की. वांगी संपली आसली तर दोडका दे, दोडका नसंल तर भेंडी. ह्यात शिकायचं काय?"

काहीच नाही, आत्याबाई. शिकायचं आम्हाला आहे.

म्हणून दोस्तांनो, पुढच्या बैठकीत उमेदवार कोण यावर रात्र जाळण्याआधी एक तास मोजणीवर घाला. मागणी साधी आहे. महापालिकेच्या चार जागांच्या प्रभागात पसंतीक्रमानं मत आणि वाट्याप्रमाणं जागा. नियम बदलणं राज्याच्या हातात आहे, म्हणजे निवेदन मंत्रालयापर्यंत जायला हवं. आधी आपल्या विहारात, युनियनमध्ये, मंडळात ही पद्धत वापरून दाखवा. चिठ्ठ्या, टाचण्या आणि एक आत्याबाई, एवढंच सामान लागतं.

आणि महापालिका म्हणजे गटार-नळ एवढंच समजू नका. जातिभेदाला बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर सिअ‍ॅटल. २१ फेब्रुवारी २०२३ ला तो कायदा केला तो तिथल्या सिटी कौन्सिलनंच. त्याच साली कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळानं असं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नरनं ते अडवलं. वर दार बंद झालं तरी खाली उघडता येतं. पण खाली बसायला आपला माणूस पाहिजे, आपल्या पसंतीचा. त्यांच्या पसंतीचा आपला माणूस नको.

परवा पुन्हा टपरीवर तेच दोस्त भेटले. मी विचारलं, "कसा आला रं तुझा ममदानी?" त्यानं बोटं उघडून एक-दोन-तीन मोजायला सुरुवात केली. चहाचे पैसे मी दिले.