चौकड्यांचा स्कर्ट

बुद्धपौर्णिमेला आम्ही बुरोंडीला होतो. वाडीत मुंबईकरांची गर्दी. वंदना संध्याकाळी होती, म्हणून दुपारी सगळ्या बायाबापड्या पडवीत बसलेल्या. तेवढ्यात दिव्याहून आलेली कॉलेजातली एक नात बाहेर आली. अंगात लाल-काळ्या चौकड्यांचा, चुण्या पाडलेला, गुडघ्याला टेकेल न टेकेल असा स्कर्ट. पडवी गप्प झाली.

आजीने आधी कापड चिमटीत धरून पाहिले. म्हणाली, "काय गो, कोळ्याच्या रुमालाचा घागरा शिवलास की काय?" सगळे हसले. पोरगी फुरंगटली. "आजी, हे टार्टन आहे. कोरियन मालिकेत सगळ्या घालतात." मग आत्याने सुरुवात केली, की आपल्या माणसांत हे शोभते का. आमच्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पेपरात लिहिता ना, सांगा हिला."

आम्ही तिला काय सांगणार! पण विषय निघालाच आहे तर वाचकांना सांगतो.

हे कापड कोरियाचे नव्हे, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाचे. तिथले पुरुष ते कमरेला गुंडाळत, त्यालाच पुढे किल्ट म्हणू लागले. हो, पुरुष! वाडीतले एक निवृत्त हवालदार लगेच म्हणाले, की आपल्या पलटणींच्या पाइप बँडवाल्यांच्या खांद्यावरही असलेच चौकड्यांचे कापड असते. खरेच आहे, २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट होते तेव्हा टीव्हीवर पाहावे. इंग्रजांच्या फौजेतल्या स्कॉटिश पलटणींकडून ती तऱ्हा आपल्याकडे आली. तसे स्कॉटलंड आपल्याला अगदीच परके नाही. या किनाऱ्यावर बाणकोटला १८२३ सालीच तिथले मिशनरी येऊन राहिले होते.

आता या कापडाची कथा ऐका. १७४६ साली त्या डोंगरी लोकांच्या बंडाचा कलोडनच्या लढाईत मोड झाला आणि लंडनच्या सरकारने त्यांच्या पोशाखावरच बंदी घातली. पुरुषाने वा मुलाने तो घातला तर सहा महिने तुरुंग. पुन्हा घातला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट फक्त सरकारच्या फौजेत भरती झालेल्यांना. ही बंदी १७८२ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे चालली. आणि मग १८२२ साली खुद्द इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि तिथे त्याने किल्ट घातला! कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने तो सगळा थाट जमवला होता. राजाने घातला म्हणताच ज्याला त्याला तो हवासा झाला. कालपर्यंत रानटी ठरवलेला पोशाख दरबारी ठरला. आणि त्याच काळात ज्या गरीब कुळांचा तो पोशाख, त्यांना जमीनदार मेंढ्यांच्या कुरणांसाठी घरादारांतून हुसकून लावत होते. कापडाला मान मिळाला, माणसाला नाही.

आत्याला हे पटले, पण लांबीचा मुद्दा तिने सोडला नाही. आणि तो मुद्दा हलका नाही. आजीच्या सासूबाई महाडला गेल्या होत्या, डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला. आपल्या बायकांचे लुगडे तेव्हा गुडघ्याच्या आसपास असायचे, हातापायांत जडशीळ दागिने. लांबूनच ओळखू यावे, कोण चालली आहे ते. बाबासाहेबांनी महिलांना तिथे सांगितले, की ही ओळखीची खूण टाकून द्या, लुगडे नीट घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी तिथल्या तिथे नेसण्याची तऱ्हा बदलली. "माझ्या सासूने निऱ्या खाली सोडल्या," आजी म्हणाली, "आणि ही वर घेते."

आम्ही म्हणालो, आजी, तेव्हा लुगडे आखूड ठेवायला लावणारे दुसरे होते. हिला कोणी लावले आहे? आजी काही बोलली नाही. आमचेही बोलणे पुरते खरे नव्हते. मालिका आणि दुकानदार लावतातच की! फक्त ते नाही म्हटल्यास मारायला येत नाहीत.

एक गोष्ट मात्र त्या पोरीला ठाऊक नव्हती. असली चौकडी विणताना उभ्या ताण्यात रंगांचे जे माप, तेच आडव्या बाण्यात घेतात, म्हणून लाल-काळा जिथे एकमेकांवर येतो तिथे तिसराच रंग दिसतो. तिचे पणजोबा मुंबईला गिरणीत होते, पण सूत काढण्याच्या खात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त, तिथे आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि आपला ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी नाखुशीने तो मागण्यांत घेतला. पणजोबांनी जन्मभर सूत काढले, पण असे चौकड्यांचे कापड विणायला हात काही लागला नाही.

पोरगी स्कर्टची कड उलटून धागे बघत बसली. मग म्हणाली, "बाराशेला घेतला. दादरला फुटपाथवर तीनशेला होता." यावर मात्र सगळ्या बायका एकदम तुटून पडल्या, आणि लांबीचा विषय मागे राहिला.

संध्याकाळी पांढरी साडी नेसून ती वंदनेला पुढे बसली. स्कर्ट दोरीवर वाळत होता. आजी येता-जाता त्याला हात लावून बघत होती. आम्ही निघताना तिने नातीला बजावलेले आमच्या कानावर पडले, "ही फॅशन सरली की टाकू नकोस गो. माझ्याकडे धाडून दे. गोधडीला चांगला लागेल."