मिठाची पुडी

बालवीरांचा एक खेळ आहे. सात-आठ मुले एकामागे एक उभी राहतात. प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यांवर, आणि डोळ्यांवर आपापला स्कार्फ घट्ट बांधलेला. उघडे डोळे फक्त सर्वांत मागच्याचे. बोलायचे नाही. त्याने उजवा खांदा थोपटला की उजवीकडे, डावा थोपटला की डावीकडे, दोन्ही दाबले की थांबायचे. हा निरोप खांद्याखांद्यावरून पुढे सरकतो, आणि ही आंधळी आगगाडी झाडाझुडपांतून ठरल्या जागी न्यायची.

पाहणाऱ्यास वाटते, कसोटी पहिल्याची. झाडावर आपटायचे ते त्यानेच! पण गाडी बहुधा बिघडते ती मध्येच. मधल्याला दिसत काही नाही आणि पुढारीपणाचा मानही नाही. आलेला निरोप जसाच्या तसा पुढे द्यायचा, एवढेच त्याचे काम. नेमकी त्यालाच शंका येते, ‘उजवीकडे कसे असेल बुवा?’ आणि तो आपले शहाणपण चालवतो, किंवा हळूच पट्टी वर सरकवतो. संपलेच! संसारात आणि कचेरीत आपण बहुतेक सारे मधलेच असतो म्हणा.

मागे तोल सोडून पडायचे आणि सोबत्यांनी झेलायचे, हाही एक खेळ हल्ली फार बोकाळला आहे. तो मला मुळीच पसंत नाही. दहा वर्षांची पोरे ती. ऐन वेळी एखाद्याला हसू फुटते आणि हात सुटतात. पडणाऱ्याच्या डोक्याला खोक पडते ती निराळीच, पण पुढे वर्षभर तो कोणावर विसंबत नाही.

बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा वीसेक मुले होती. काही श्रीमंती शाळांतली, काही आसपासच्या गावांतल्या साध्या घरांतली. त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकीचा नायक मुलांतलाच नेमला. रोज रात्री एक तुकडी शिधा, कांबळी, भांडी व काड्यापेटी घेऊन दूर मुक्कामाला जाई. स्वयंपाक आपला आपण, पहाराही आपलाच. अकरा वाजेपर्यंत इतर नायक आणि स्वतः बेडन-पॉवेल चोरपावलांनी येऊन पहारेकऱ्यांची परीक्षा पाहत. बाकीच्या मुलांची भिस्त मात्र त्या पहारेकऱ्यावरच. पुढे स्काउटचा पहिलाच नियम विश्वासूपणाचा झाला, यात नवल नाही.

आपल्याकडे अडचण मुलांची नसते, आपलीच असते. शिबिर गावाबाहेर चार मैलांवर. तरी रात्री नऊला वडील स्वेटर घेऊन हजर! आईने दिलेला चिवड्याचा डबा तर असतोच. आता ज्याच्यापाशी डबा आहे, तो पिठल्याची वाट कशाला पाहील?

म्हणून शिबिराच्या गुरुजींना माझे एकच सुचवणे आहे. खेळ खुशाल घ्या, पण शिधा वाटून द्या. एकाने तांदूळ आणायचे, एकाने डाळ, सर्वांत लहानाने मीठ. एखादे वर्षी तो मीठ विसरेल. पोरे आरडाओरडा करतील, अळणी आमटी कशीबशी गिळतील. गुरुजींच्या पिशवीत मिठाची पुडी असतेच. ती त्यांनी त्या दिवशी बाहेर काढू नये. आणि पुढच्या शिबिराला मीठ आणायचे काम पुन्हा त्याच मुलाकडे द्यावे.