मिसेसची आहे, आता वाजवत नाही

जाहिरातीतल्या नंबरावर फोन केला की बहुधा पुरुषच उचलतो. ‘इलेक्ट्रिक गिटार आहे ना अजून?’ ‘आहे. मिसेसची आहे. ती आता वाजवत नाही.’ हे वाक्य गेल्या बारा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरचा पहिलं वाक्य बोलला की दुसरं मीच मनात म्हणते.

मी नोकरी करते, आणि हौस म्हणून जुन्या इलेक्ट्रिक गिटारी घेते, दुरुस्त करते, थोडे दिवस वाजवते आणि विकून टाकते. वर्षाला चार-पाच. सुटतात ते पैसे तारांत आणि डाख देण्याच्या सामानात जातात. गटातल्या मैत्रिणींना हे खूळ वाटतं. ‘आपल्या गाण्यांना डफ पुरतो की,’ एक जण म्हणालीच. पुरतो, कबूल. पण हौस काही गरजेपुरती नसते. पुरुषांच्या हौशीला हा हिशेब कुणी विचारत नाही.

सुरुवातीला दुकानात गेले की ‘मुलासाठी हवी का?’ असं विचारायचे. मला फसवणंही सोपं होतं. मान वाकलेली गिटार मी चांगली म्हणून घेतली, दोनदा. मग शिकले. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तारेखाली फट किती राहते ते बघायचं. कागद जाईल एवढी फट ठीक, नाणं जात असेल तर भाव पाडायचा. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून आणि मग दाबून, दोन्ही सूर जुळतात का ऐकायचं. अ‍ॅम्प्लिफायरला जोडून प्रत्येक नॉब फिरवायचा. खरखर आली तर बहुतेकदा धूळच असते, पण विकणाऱ्याला ते सांगायची घाई करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात ब्रिजचे स्क्रू गंजतात, ते उलटून बघायचे. हे सगळं करताना शेजारी उभा माणूस हळूहळू ‘ताई’ वरून ‘मॅडम’ वर येतो. गंमत वाटते.

गिटार उघडली की आत सापडतं ते निराळंच. पिकअप म्हणजे काही लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. आवाज तिथून येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, फुलर्टनच्या फेंडर कारखान्यात हे वेढे घालणाऱ्या, तारा जोडणाऱ्या कामगारांत बायका पुष्कळ होत्या, कित्येक जणी मेक्सिकन वंशाच्या. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. त्या सुरुवातीच्या गिटारींच्या आतल्या खोबणीत चिकटपट्टीच्या तुकड्यावर हाताने लिहिलेली नावं सापडतात: मेरी, ग्लोरिया. फक्त पहिलं नाव. अ‍ॅबिगेल यबारा १९५६ मध्ये त्या कारखान्यात लागली आणि २०१३ मध्ये निवृत्त झाली. तार किती ताणायची हे तिच्या बोटांना कळायचं. मधल्या काळात, १९६५ साली, कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. आज जुन्या बाजारात तिच्या सहीचा पिकअप म्हटलं की जास्त पैसे मोजले जातात. बाईच्या सहीला किंमत आली खरी, पण ती वस्तू दुसऱ्यातिसऱ्या मालकाच्या हातात गेल्यावर, आणि तो फायदाही त्याचाच.

हे मला बोचतं, कारण मीही त्याच बाजारातली आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी एक यामाहा घेतली. ‘मिसेसची.’ मिसेस चहा घेऊन आल्या, ट्रे ठेवला, गिटारकडे पाहिलं नाही. मी घासाघीस केली आणि निम्म्या किमतीत उचलली. खूष होते. घरी आल्यावर बॅगेच्या खिशात एक वही निघाली. स्वच्छ अक्षरात कॉर्ड्स, गाण्यांच्या याद्या, पहिल्या पानावर माहेरचं नाव आणि ‘पहिल्या पगारातून’ असं लिहून तारीख. मी फोन केला. साहेब म्हणाले, ‘टाकून द्या हो.’ त्यांना फोन द्या म्हणायचं मला सुचलं नाही. वही माझ्याकडेच आहे. गिटार मी पुढे विकली होती, नफ्याने.

तेव्हापासून माझा नियम आहे: जिची गिटार, तिच्याशी बोलल्याशिवाय सौदा नाही आणि पैसे तिच्याच हातात. गटात यावर वाद झाला. ‘इलेक्ट्रिक गिटारवाल्या बायकांचे प्रश्न आपण कशाला घ्यायचे?’ पण शिवणयंत्र, स्कूटर, तंबोरा यांचंही हेच होतं. दागिन्यांचं आपण नीट शिकलो आहोत. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईच्या एकटीच्या मालकीचं, सासरी ठेवलं म्हणून ते नवऱ्याचं होत नाही. शिबिरात आपण मंगळसूत्र, बांगड्या, भांडी अशी यादी करून घेतो. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, तिच्या नादाची वस्तू त्या यादीत का येत नाही? भांडण झालं की पहिली तीच माळ्यावर जाते आणि नंतर जाहिरातीत.

दुसरा आक्षेप जास्त बरोबर होता. एखादीला खरंच विकायची असेल तर? बोटं दुखतात, कंटाळा आला, घर लहान आहे. मग विकावी की! प्रत्येकीने वाजवतच राहावं असा माझा हट्ट नाही. मी स्वतः सहा महिन्यांवर एक गिटार ठेवत नाही. फक्त भाव तिने सांगावा.

या नियमामुळे सौदे निम्म्यावर आले. काही जण फोन आपटतात. दोघी-तिघींनी ‘विकायची नाही’ एवढंच सांगून फोन ठेवला. त्यांच्या घरी पुढे काय झालं असेल याची काळजी वाटते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परवा एकीने नवऱ्याने सांगितलेल्यापेक्षा तीन हजार जास्त मागितले. तारा नव्या टाकल्यात, म्हणाली. नव्या नव्हत्या. मी दिले.