आधी ओल, मग रंग!

ऑक्सफर्डला नोकरीसाठी आलो आणि दुसऱ्याच वर्षी लाकडाची गाडी घेतली. हसू नका! मॉरिस मायनर ट्रॅव्हलर, १९५३ ते १९७१ या काळात बनलेली. मागचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा. शोभेचा नाही हं, मागची बॉडी त्याच्यावरच उभी. वर अ‍ॅल्युमिनियमचं छप्पर. आपल्या अ‍ॅम्बेसेडरची चुलत बहीणच म्हणा ना. तीही मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली.

छपराचा रंग उडाला होता. एका वीकेंडात नवा मारून टाकू, असा माझा प्लॅन. शेजारचे आजोबा आले (इंग्रज असले तरी आजोबाच!), छपराच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो लोण्यात शिरावा तसा लाकडात शिरला. माझ्या पोटात गोळा!

‘‘रंग राहू दे. आधी पाणी कुठून येतंय ते बघ.’’

मग काय! जुनं सीलंट खरवडलं, कुजलेला तुकडा काढून नवा बसवला, लाकूड खडखडीत वाळू दिलं. फटींत पॉलियुरेथेन सीलंट भरलं, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. उघड्या अ‍ॅल्युमिनियमला एच प्रायमर, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतात. रंगाचा नंबर सगळ्यात शेवटी.

एकाचे पाच वीकेंड झाले. काल धो धो पाऊस पडला. मी टॉर्च घेऊन मागच्या सीटवर बसलो. एक थेंब नाही!

हल्ली ऑफिसात कुणी ‘‘प्रेझेंटेशन चकाचक कर, बाकी नंतर बघू’’ म्हणालं, की मला तो स्क्रूड्रायव्हर आठवतो.