मेंदूची गाठ : मेणाचा ब्लॉक जपून ठेवा

मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या घरी एमआरआयच्या फिल्म्स मोठ्या पाकिटात जपून ठेवलेल्या असतात. औषधांच्या पावत्याही असतात. पण ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा कुठे आहे, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. आमच्या मते घरातल्या सगळ्या कागदांपेक्षा तो तुकडा अधिक मोलाचा आहे. तो कसा, हे आज पाहू.

काढलेली गाठ पॅथॉलॉजी विभागात जाते. तेथे ती फॉर्मॅलिनमध्ये ठेवून नंतर मेणात बसवतात. काडेपेटीपेक्षाही लहान असा हा मेणाचा ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. त्याच्या अतिशय पातळ चकत्या काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा प्रकार ठरवतात. पूर्वी ब्लॉकचे काम येथेच संपत असे. आता तसे राहिलेले नाही आणि याचे एक कारण आहे आरएनए.

प्रथिने कशी बनवावीत याचा मजकूर आपल्या डीएनएच्या दोन टक्क्यांहूनही कमी भागात असतो. बाकीचा भाग बिनकामाचा, अशी समजूत बरीच वर्षे होती. परंतु त्या भागातूनही आरएनए तयार होतो. त्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत असा एक चिमुकला आरएनए काय काम करतो ते दाखवून दिले. याच शोधाबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे काम शेतकरी वाचकांना चटकन समजेल. ओलिताच्या वेळी दारे धरणारा गडी पेरणी करीत नाही. पण कोणत्या सरीत पाणी सोडायचे आणि कोणती बंद करायची, हे त्याच्या हाती असते. सूक्ष्म आरएनए पेशीत असेच दारे धरतो. प्रथिन बनवण्याचा निरोप घेऊन निघालेल्या आरएनएला तो चिकटतो आणि निरोप अडवतो. हा गडी चुकला की नको तेथे पाणी तुंबते आणि हवे तेथे पोचत नाही. ग्लायोब्लास्टोमा या मोठ्या माणसांतील घातक गाठीत ‘मिर-२१’ नावाचा सूक्ष्म आरएनए फार वाढलेला असतो, हे २००५ साली दिसून आले. पेशींना मरण्यापासून तो वाचवतो आणि गाठ फोफावते.

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले आहे. लहान मुलांच्या लहान मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठ होते. सकाळी उठताच डोके दुखणे, उलटी होणे, चालताना झोक जाणे ही तिची लक्षणे. पित्त किंवा जंत समजून यात वेळ जाऊ देऊ नये. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठीचे मुख्य चार गट आहेत. त्यांतल्या एका गटातील बहुतेक मुले बरी होतात, तर दुसऱ्या एका गटात आजार फार चिवट असतो. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जनुके व ९ सूक्ष्म आरएनए मोजून हे गट ओळखण्याची चाचणी तयार केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की ती मेणाच्या ब्लॉकवर चालते. लांब आरएनए मेणात तुटतो, चिमुकला मात्र बराचसा शाबूत राहतो.

गट कळल्याने काय साधते? या मुलांना डोक्यावर आणि पाठीच्या कण्यावर किरणोपचार द्यावे लागतात. त्याचा परिणाम पुढे शिकण्यावर आणि उंचीवर होतो. कोणाला उपचार कडक हवेत आणि कोणाला सौम्य पुरतील, हा विचार गट कळल्यावरच करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणातही मेंदूच्या गाठींची अशी रेणूपातळीवरील ओळख महत्त्वाची मानली आहे.

यावर कोणी म्हणेल, की ही मुंबईची गोष्ट झाली. रिसोड-मानोऱ्याच्या मजुराला तिचा काय उपयोग? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. रुग्णाला वारंवार मुंबईला नेणे परवडत नाही, पण ब्लॉक नेता येतो. तो हरवला तर मेंदू पुन्हा उघडून तुकडा काढणे बहुधा शक्य नसते.

मात्र भ्रमात राहू नये. सूक्ष्म आरएनएवर आधारलेले मेंदूच्या गाठीचे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. ‘आरएनए तपासून गाठ विरघळवतो’ असे कोणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमही आहे. बाहेरगावी ऑपरेशन झालेल्या जिल्ह्यातील रुग्णांचे ब्लॉक मागवणे, ते नीट ठेवणे आणि योग्य संस्थेकडे पाठवणे, एवढी सोय येथील पॅथॉलॉजी विभागाने करावी. यासाठी मोठी यंत्रे नकोत. एक कपाट, एक नोंदवही आणि एक जबाबदार माणूस पुरे.

तोपर्यंत नातेवाइकांनी सुट्टी घेताना तीन गोष्टी विचाराव्यात : पॅथॉलॉजीचा अहवाल, ब्लॉकचा क्रमांक, आणि ब्लॉक कोठे व किती वर्षे ठेवणार. पुढील तपासणीसाठी ब्लॉक हवा असल्यास रुग्णालयाकडे लेखी अर्ज करावा. घरी आणल्यास नाव-क्रमांक लिहिलेल्या डबीत, कोरड्या व थंड जागी ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये.