कारण लेखी द्या

नागपूरच्या धंतोलीत गाडी ही मिरवायची वस्तू राहिलेली नाही. यशवंत स्टेडियमपासून मेहाडिया चौकापर्यंतच्या गल्ल्यांमध्ये दवाखान्यांची दाटी आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून पेशंट घेऊन आलेल्या गाड्या तिथे दिवसभर उभ्या दिसतात, आणि इथल्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री निघावे लागते. अशा वस्तीत एखादी गाडी तीन आठवडे सर्व्हिस सेंटरमध्ये पडून राहिली, तर घराचे आणि कामाचे सगळे गणित बिघडते. त्यानंतर मालकाच्या हाती येते ते लाखाच्या घरातले एस्टिमेट आणि एक वाक्य : कंपनीने वॉरंटीचा क्लेम नाकारला. कोणता भाग गेला, कशामुळे गेला, कोणी तपासला, यातले काहीही कागदावर नसते. मालक जाब विचारतो तेव्हा डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी डीलरकडे. या वादात माझे म्हणणे एकच आहे. बिघाडाची माहिती ज्याच्या हाती आहे, त्यानेच बिघाडाचे कारण सिद्ध केले पाहिजे. कंपनीचा नकार हे एका पक्षाचे म्हणणे आहे. त्याला निकालाची किंमत देता येत नाही.

आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडतो. कंपन्या म्हणतात की वॉरंटी हा करार आहे आणि त्याची मुदत दोघांनाही मान्य होती. गाडी कशी चालवली, ऑइल वेळेवर बदलले का, बाहेरच्या गॅरेजात कोणी हात लावला का, हे कंपनीला दिसत नाही. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असल्याने त्याच्या चुका कंपनीच्या माथी मारू नयेत. आजची गाडी गुंतागुंतीची आहे, तिची माहिती सर्वांना खुली केली तर बनावट सुटे भाग आणि अर्धवट मेकॅनिक यांचे फावेल. यातला एकही मुद्दा पोकळ नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या आधारावर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. हे मान्य करूनच उत्तरपक्ष उभा राहिला पाहिजे. पण प्रत्येक मुद्दा जिथपर्यंत खरा आहे, तिथेच तो थांबायला हवा. कंपन्या तो पुढे ओढतात, आणि भांडण तिथून सुरू होते.

पहिला मुद्दा मुदतीचा. कंपनी कोणते काम किती काळ फुकट करून देईल, एवढेच वॉरंटीची मुदत सांगते. ती संपली म्हणून गाडीतला दोष संपत नाही. दोष जन्मतो केव्हा आणि दिसतो केव्हा, या दोन वेगळ्या तारखा आहेत. गिअरबॉक्समध्ये हलक्या प्रतीचे बेअरिंग बसवले असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच हलके असते; आवाज मात्र चौथ्या वर्षी येतो. ब्रेकपॅड, क्लचप्लेट, टायर, वायपर हे झिजणारे भाग आहेत आणि त्यांचा खर्च मालकाचा, यात वाद नाही. पण खासगी गाडीची नोंदणीच पंधरा वर्षांसाठी होते. इतकी वर्षे चालावी म्हणून घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा टर्बो चौथ्या वर्षी बसला, तर ते झीज म्हणून खपवता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दोषाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा राखायला हवा, मग तो करार शब्दांत लिहिलेला असो वा अध्याहृत, त्यातली उणीव म्हणजे दोष. वॉरंटीची पुस्तिका हा लिहिलेला करार झाला. गाडी तिच्या वयाला शोभेल इतकी टिकावी, हा अध्याहृत करार. पुस्तिकेची मुदत संपली म्हणून दुसरा करार रद्द झाला, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

दुसरा मुद्दा वापराचा, आणि इथे एक बिघाड जवळून पाहू. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली की त्यात स्कॅनर लावतात आणि पडद्यावर एक संकेत उमटतो. समजा तो पी ०२९९ आहे. त्याचा अर्थ इतकाच की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो आहे. तो का कमी पडतो, हे संकेत सांगत नाही. दाबाची हवा नेणारी रबरी नळी फाटली असेल, वेस्टगेटची झडप अडकली असेल, एखादा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, किंवा खरोखरच टर्बोचे पाते झिजले असेल. नळी बदलणे आणि अख्खा टर्बो बदलणे यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणत्या कारणामुळे दाब घटला, हे ठरवायला दाबाची चाचणी, उघडलेल्या भागाची पाहणी आणि गाडीच्या संगणकातली नोंद लागते. या तिन्ही गोष्टी सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात असतात. मालकाच्या हाती येते ते जॉबकार्ड, आणि त्यावर 'टर्बो रिप्लेस' एवढेच लिहिलेले. मग मालकाने गाडी नीट वापरली नाही, असे सांगितले जाते. वापर चुकीचा होता असे म्हणणाऱ्याने तो कशावरून चुकीचा, हे त्याच नोंदीतून दाखवावे. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, हे कंपनीला गाडी विकतानाच ठाऊक असते. या शहराचा उन्हाळा हा मालकाचा गैरवापर ठरू शकत नाही.

तिसरा मुद्दा बाहेरच्या गॅरेजचा. मेकॅनिक अधिकृत नव्हता म्हणून वॉरंटी गेली, हे वाक्य इतके सर्रास ऐकू येते की लोक त्यालाच कायदा समजतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी या समजुतीवर नेमके बोट ठेवले. त्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. त्यात महाराष्ट्रात मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्सचा वाटा सुमारे १,३४६ कोटींचा आणि महिंद्रचा सुमारे २९२ कोटींचा होता. कंपन्या आपले मूळ सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, भाग पुरवणाऱ्या कारखान्यांनाही ते खुल्या बाजारात विकू देत नाहीत, आणि अशा बंदिस्त बाजारात भागांचे भाव वाटेल तसे चढवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजात दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांचा दंड कमी केला, पण त्यांनी आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केला हा निष्कर्ष कायम ठेवला. बनावट भागांची भीती खरी आहे. मात्र त्यावर उपाय अस्सल भाग खुल्या बाजारात आणणे हा आहे. अस्सल माल कुलपात ठेवला की बनावटाला गिऱ्हाईक आपोआप मिळते. माहिती खुली केल्याने गाड्या असुरक्षित होतात, हेही अनुभवाला धरून नाही. दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना द्यावी, असा नियम युरोपीय संघाने २००७ मध्येच केला, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदान घेऊन तसाच कायदा आणला. भारतात गाड्या विकणाऱ्या अनेक कंपन्या त्याच बाजारांतही गाड्या विकतात.

चौथा मुद्दा डीलर आणि कंपनी वेगळे असण्याचा. कंपन्यांच्या बाजूने सर्वात भक्कम आधार इथेच आहे. गोव्यातल्या एका ग्राहकाकडून २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे घेऊन त्याला २००९ ची, आधी चाललेली गाडी देण्यात आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळे केले. कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे आहे आणि डीलरची ही करणी कंपनीला ठाऊक होती असे दाखवलेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. हा निकाल मला मान्य आहे, पण त्याची कक्षा पाहा. तिथे फसवणूक विक्रीत झाली होती. बनावटीतला दोष ही वेगळी गोष्ट आहे. गाडी कंपनीने बनवली, भाग कंपनीने निवडला, क्लेम मंजूर की नामंजूर हे कंपनीच्याच माणसाने ठरवले. मग जबाबदारीच्या वेळी डीलर स्वतंत्र कसा होतो? महाराष्ट्रातल्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सविरुद्धच्या प्रकरणात, २००४ साली, सदोष गाडी नवी म्हणून विकल्याबद्दल आणि दोष कबूल करण्याऐवजी खटला लढत बसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती.

पाचवा मुद्दा सर्वात कळीचा आहे : पुरावा कोणी द्यायचा? ग्राहकाने तज्ज्ञाचे मत आणावे, असे कंपनीचे वकील सांगतात. पण उघडलेला भाग सर्व्हिस सेंटरमध्ये, संगणकातली नोंद कंपनीच्या सर्व्हरवर, मग तज्ज्ञाने पाहायचे काय? एप्रिल २०२२ मध्ये ह्युंदाईच्या गाडीतल्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. गाडी घेणाऱ्याने भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असावे आणि धडकेचा वेग व जोर मोजून सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तेच तर्कशास्त्र गिअरबॉक्सला का लावू नये? २०१० मध्ये फियाट इंडियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेण्याचा मार्ग आखून दिला, तो योग्यच होता. ग्राहक आयोगांना वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार कायद्याने आहेच. अडचण अशी की त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगता येते. नागपुरात व्हीएनआयटीसारखी संस्था आहे, इथे अभियंत्यांचा तुटवडा नाही. कंपनीने कारण लेखी दिले नसेल किंवा भाग परत केला नसेल, तर तपासणीचा खर्च कंपनीनेच भरावा, एवढा साधा नियम आयोगांनी पाळला तरी निम्मे वाद दारातच मिटतील.

याने गाड्या महाग होतील आणि खोट्या तक्रारी वाढतील, असा आक्षेप येईल. लेखी कारण द्यायला कंपनीला जास्तीचा खर्च नाही, कारण तपासणी करूनच तर ती एस्टिमेट काढते. खोट्या तक्रारींचे म्हणाल तर लेखी कारण आणि परत मिळालेला भाग यांनीच त्या आधी उघड्या पडतात. ज्याने मुदत उलटून गेल्यावरही ऑइल न बदलता गाडी दामटली, त्याच्याविरुद्ध काळवंडलेले बेअरिंगच साक्ष देईल. आज काय होते? जो जास्त भांडतो, वरपर्यंत ओळख लावतो, त्याला 'गुडविल' म्हणून अर्धे बिल माफ होते. जो मुकाट्याने पैसे भरतो, त्याला काहीच मिळत नाही. ही मेहेरबानी झाली, आणि मेहेरबानीत न्याय नसतो. एकच दोष असलेल्या दोन गाड्यांना एकच नियम लागला पाहिजे.

न्यायालये आहेत ना, असेही म्हटले जाईल. आहेत, पण बीएमडब्ल्यूची २००९ मध्ये घेतलेली एक सदोष गाडी पाहा : कंपनीने ५० लाख रुपये द्यावेत हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२४ मध्ये आला. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो; हे प्रकरण ग्राहक आयोगातले नसून फौजदारी होते, पण गाडी घेतल्यापासून आदेशापर्यंत पंधरा वर्षांच्या आसपास लागली. शिवाय कायद्यातच एक फट आहे. मोटार वाहन कायद्यातले रिकॉलचे कलम माणसांना किंवा पर्यावरणाला अपाय करणाऱ्या दोषांसाठी आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे नवे प्रकरण आले, पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळले आहे. म्हणजे गाडीने माणसाला इजा केली तर ते प्रकरण लागू होते. गाडी स्वतःच बसली आणि मालकाचा खिसा कापला गेला, तर नाही. म्हणूनच दुरुस्तीचा हक्क कायद्यात यायला हवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, मोटारींचे क्षेत्र त्यात धरले, आणि २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू केले. पोर्टलवरची माहिती कंपनीच्या मर्जीवर असते; हक्क कायद्याने येतो. त्या कायद्यात तीन गोष्टी हव्यात : नकाराचे लेखी कारण चाचणीच्या नोंदींसह द्यावे, काढलेला भाग मालकाला परत द्यावा, आणि गाडीच्या संगणकातली नोंद मालकाच्या मालकीची मानावी.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक कायदाच नव्हता. तो बारा वर्षांनी आला. मागणी आधी होते, कायदा मागून येतो. आजच्या कायद्यातही एक धारदार वाक्य आहे : ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतली त्रुटी आहे. जॉबकार्डवर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहा, 'काढलेला भाग आणि चाचणीचा अहवाल मला हवा आहे.' नकार आला तर तो ईमेलवर मागा. कारण मिळाले नाही, तर तेच तुमच्या तक्रारीचे पहिले वाक्य होईल. कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची, तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत चारशे रुपये. धंतोलीतल्या माणसाने त्यासाठी सिव्हिल लाइन्सपर्यंत जायचे आहे, आणि कंपनीने नागपूरपर्यंत यायचे आहे.